काटा काय मोजतो, काय सांगतो

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारत असे: अल्टिमीटर काय मोजतो?

अशाच एका तुकडीत खानदेशातून आलेला एक मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. टेक्निकल जनरलचा पेपर सत्तर टक्क्यांना सुटतो, याला त्याहून बरेच जास्त पडले होते. तो झटकन म्हणाला, "उंची, सर."

"कशापासूनची?"

"समुद्रसपाटीपासूनची."

"समुद्र दिसतो का रे त्याला?"

वर्ग हसला. मुलगा क्षणभर थांबला आणि मग पुस्तकातली इंग्रजी व्याख्या त्याने एका दमात म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. मी म्हटलं, "आता हेच मराठीत सांग. घरी आजीला सांगतोयस असं समज." तिथे गाडी अडली. व्याख्या तोंडपाठ होती, पण काचेमागे त्या डब्यात काय चाललंय हे त्याला कधी कोणी दाखवलंच नव्हतं.

या पुस्तकाचा लेखक त्या दिवशी मागच्या बाकावर हसणाऱ्यांत होता. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, मलाही सांगता आलं नसतं." आज तो स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन उडतो, आणि हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाला त्याने सवडीने दिलेलं उत्तर आहे. प्रस्तावना मीच लिहावी हा त्याचा हट्ट. हसल्याची शिक्षा म्हणून त्याच्याकडून पुस्तक लिहून घेतलं, असं मी मित्रांना सांगत असतो.

तर अल्टिमीटर. त्यात पातळ धातूच्या, वळ्या पाडलेल्या, आतली हवा काढून बंद केलेल्या चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात, वाढला की चेपतात. ही केसभर हालचाल दातेरी चाकांमधून काट्यापर्यंत पोचते. यंत्राचं काम एवढंच. त्याला कळतो तो दाब, आणि डायलवर मात्र छापलेले असतात फूट. हे फूट आले एका करारातून. समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, तापमान १५ अंश, आणि वर जाताना दर हजार फुटांना साधारण दोन अंशांनी थंडावा, अशी एक आदर्श हवा जगाने कागदावर ठरवून घेतली आणि तिच्यावरून डायल आखली. अशी हवा मुंबईच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या एखाद्या पहाटे चुकून भेटली तर भेटली. बाकीचं वर्षभर काटा दुसऱ्याच कुठल्यातरी हवेतले फूट आपल्याला सांगत असतो.

याचा अर्थ काय होतो, ते विमान जागचं न हलवता पाहता येतं. जुहूच्या हँगरमध्ये एक विमान उभं आहे असं समजा. जानेवारीतल्या एका सकाळी कोणीतरी अल्टिमीटरची कळ फिरवून त्याच्या छोट्या खिडकीत त्या दिवशीचा दाब लावला, १०१३. जुहू समुद्राला खेटून, त्यामुळे काटा शून्याच्या जवळपास आला. मग त्या विमानाला कोणी हात लावला नाही. जुलैत पाऊस भरात असताना मुंबईचा दाब १००३ च्या आसपास असतो. फरक दहा हेक्टोपास्कलचा. खालच्या हवेत एक हेक्टोपास्कल म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस फूट. म्हणजे चाकांना ठोकळे लावून उभं असलेलं ते विमान आषाढात पावणेतीनशे फूट वर चढलेलं दिसेल. पंचवीस मजल्यांची इमारत होते तेवढी उंची, आणि टायरखालची धूळसुद्धा हललेली नाही.

एवढे महिने थांबायचीही गरज नाही. आपल्या पट्ट्यात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. सकाळी दहाला लावलेल्या आकड्यावर विसंबून दुपारी चारला उतरणाऱ्याचा काटा शंभरेक फूट जास्त बोलतो. जास्त बोलणारा अल्टिमीटर कमी बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण आपण आहोत त्याहून वर आहोत असं वाटत राहतं. म्हणून टॉवरने क्यूएनएच, म्हणजे त्या वेळचा समुद्रसपाटीच्या हिशोबातला दाब, सांगितला की तो नुसता परत उच्चारायचा नाही, कळ फिरवून लावायचा आणि मग काट्याकडे बघायचं. लोहगावच्या विमानतळाची उंची १९४२ फूट. तिथे जमिनीवर उभं राहून योग्य क्यूएनएच लावला की काटा त्याच्या आसपासच यायला हवा. धावपट्टीवर असताना शून्य का दिसत नाही म्हणून गोंधळणारे विद्यार्थी मी पाहिलेत. आणि क्यूएनएच लावल्यावर अडीचशे फुटांचा फरक दिसत असतानाही तसेच निघणारे त्याहून जास्त पाहिलेत.

जुन्या अल्टिमीटरला तीन काटे असत, शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजारांचा. घड्याळ वाचण्याइतकं सोपं, असं शिकवणारे म्हणत. २४ डिसेंबर १९५८ ला इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया विमान चाचणीवरून परतताना त्याच्या वैमानिकांनी हा तिसरा काटा चुकीचा वाचला आणि दहा हजार फुटांची गल्लत होऊन ते विमान जमिनीवर आदळलं. यंत्र बरोबर होतं. लेखकाने डायल वाचण्यावर चार पानं खर्च केली आहेत, ती जास्त वाटली तर ही गोष्ट आठवावी.

आता वेगाकडे. १७३२ साली आँरी पितो नावाचा फ्रेंच अभियंता पॅरिसमध्ये सीन नदीत काचेची वाकवलेली नळी घेऊन उतरला. नळीचं तोंड प्रवाहाकडे केलं की आत पाणी चढे, आणि ते किती चढलं यावरून प्रवाहाचा वेग कळे. नदीत जितकं खोल जावं तितका वेग जास्त, ही त्या काळची समजूत त्या नळीने खोटी पाडली. त्याच नळीची नात आज सेसनाच्या डाव्या पंखाखाली लटकते. समोरून येऊन धडकणाऱ्या हवेचा दाब ती घेते. विमानाच्या कुशीला असलेलं शर्टाच्या बटणातल्या भोकाएवढं छिद्र, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, शांत हवेचा दाब देतं. वेगाचा काटा, म्हणजे एएसआय, या दोहोंतली वजाबाकी करून नॉटमध्ये दाखवतो.

वजाबाकी दाबाची आहे, म्हणून हा जमिनीवरून धावण्याचा वेग नव्हे, आणि विरळ हवेत तर हवेतून धावण्याचाही खरा वेग नव्हे. मे महिन्यातली दुपार घ्या. पुण्यात पारा चाळीसला टेकलाय. त्या तापलेल्या हवेत धावपट्टीवरचं विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. काटा ६५ नॉट दाखवतो तेव्हा विमान हवेतून सत्तरने चाललेलं असतं. पण पंखालाही तोच दाब कळतो जो काट्याला कळतो. थंडीत ज्या आकड्यावर पंख उचलतो, त्याच आकड्यावर उन्हाळ्यातही उचलतो. पंखाला पासष्टच कळतात. धावपट्टी मात्र सत्तरच्या हिशोबाने संपत असते. हे एकदा नीट समजलं की सेसना १५२ च्या डायलवरचे रंग पाठ करावे लागत नाहीत. पांढरी पट्टी ३५ ते ८५, फ्लॅप्स वापरण्याची. हिरवी ४० ते १११, रोजच्या वापराची. पिवळी १४९ पर्यंत, हवा शांत असेल तरच. आणि १४९ ला लाल रेघ. ही सगळी पंखाची भाषा आहे, रस्त्यावरच्या स्पीडोमीटरची नाही.

या नळीचा एक शत्रू आपल्याकडे घरोघर असतो. खिडकीच्या कोपऱ्यात, बंद पंख्यावर, किल्लीच्या भोकातसुद्धा ओली माती आणून घर बांधणारी कुंभारीण. तिला पितो नळी म्हणजे आयती खोली. सकाळी सात वाजता विमानाभोवती फेरी मारताना विद्यार्थी लाल फडकं काढतो, नळीच्या तोंडाशी वाकतो, आत बघतो. नळीत फुंकर मारायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं, कारण आतला नाजूक पडदा बिघडतो. नुसतं बघायचं. दोन सेकंदांचं काम. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ त्याआधी सुमारे वीस दिवस जमिनीवर उभं होतं, नळ्यांवर टोप्या न घालता. एक नळी बुजलेली होती. चौकशीचा सर्वात जास्त संशय अशाच मातीची घरं बांधणाऱ्या माशीवर राहिला. १८९ माणसं गेली.

ते कसं घडलं, हे या पुस्तकातलं मला सर्वात आवडलेलं प्रकरण आहे, म्हणून थोडं सांगतो. नळीचं तोंड आणि पाणी निचरायचं छिद्र दोन्ही बुजली की धडकणाऱ्या हवेचा जुना दाब आत कोंडून राहतो. विमान वर जातं तसा बाहेरचा शांत हवेचा दाब कमी होत जातो. वजाबाकी वाढते. काटा चढतो. म्हणजे वेगाचा काटा आता अल्टिमीटर झालेला असतो, फक्त त्याच्यावर नॉट छापलेत. वैमानिकाला वाटतं वेग फार झाला, तो नाक वर करतो. विमान आणखी चढतं, काटा आणखी चढतो, तो नाक आणखी वर करतो. प्रत्यक्षात वेग संपत आलेला असतो. डायलवरचा शब्द वाचणाऱ्याला यातून बाहेर पडायची वाट दिसत नाही. डायलमागे काय मोजलं जातंय हे ज्याच्या डोक्यात आहे, त्याला निदान शंका तरी येते: चढताना वेग वाढतोच कसा? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या विमानाची स्टॅटिक छिद्रं धुण्यासाठी चिकटपट्टी लावून झाकली होती आणि ती काढायची राहून गेली होती. तिथे तर अल्टिमीटर, वेग, चढ-उतार, सगळंच एकदम बिनसलं. छोट्या विमानांत यासाठी पर्यायी छिद्राची कळ असते. ती नसेल तर आमचे जुने शिक्षक सांगायचे, चढ-उताराच्या यंत्राची, म्हणजे व्हीएसआयची, काच फोड, त्या वाटेने हवा आत येईल. त्यावरूनच समोरच्या सहा मुख्य डायलांतलं सर्वात स्वस्त यंत्र कोणतं, ते कळतं.

व्हीएसआयबद्दल बाकी फार सांगण्यासारखं नाही. तो दाब किती वेगाने बदलतोय ते सांगतो आणि पाच-सहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त, उशिरा सांगतो. त्याच्या मागे लागणारा विद्यार्थी विमानाला पाळण्यासारखं वरखाली करत राहतो. लेखकाने या यंत्राला जितकी पानं दिली आहेत त्याच्या निम्म्यात भागलं असतं, असं माझं मत आहे. त्याला ते मी सांगितलंही. त्याने ऐकलं नाही.

मग प्रश्न येतो की यंत्रं इतकी आडवळणाने बोलतात, तर डोळे आणि शरीर आहेत की. लहानपणी फुगडी खेळल्यावर थांबलात की अंगण फिरतं, तसं या शरीराचं आहे. कानाच्या आत तीन वाकड्या नळ्यांत द्रव असतो. शरीर फिरायला लागलं की तो मागे राहतो आणि मेंदूला कळतं. पण फिरणं एकसारखं चालू राहिलं की वीसेक सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो, आणि मेंदू म्हणतो: थांबलो. इतक्या हळू वळलं की कानाला पत्ताच लागत नाही, असंही होतं. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा अमावास्येच्या रात्री समुद्रावर सुधारायला कोणी नसतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांना, ज्यांना यंत्रांवर उडवायचं शिक्षण नव्हतं, बाहेरचं काही दिसू न देता विमान हाकायला दिलं. एकही टिकला नाही. ताबा जाईपर्यंतचा सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. ही सगळी माणसं उघड्या आकाशात उडणारी होती.

ही अडचण सोडवायचा मार्ग त्याच्या पंचवीस वर्षं आधीच सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ ला लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल कॉकपिटवर पडदा ओढून उडाला, गोल घिरटी घालून पुन्हा उतरला, पंधराएक मिनिटांत, बाहेरचं काही न पाहता. पुढच्या खुर्चीत दुसरा वैमानिक होता, पण त्याने आपले हात सगळ्यांना दिसतील असे बाहेर ठेवले होते. डूलिटलसमोर स्पेरीने बनवलेलं कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो होता, आणि कोल्समनचा नवा अल्टिमीटर, जो वीसेक फुटांचा फरकही ओळखे. अल्टिमीटरच्या त्या छोट्या खिडकीला वैमानिक अजून कोल्समन विंडो म्हणतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, ते कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथमधून जुहूला उतरले. त्या काळचं उडणं बरंचसं डोळ्यांनी चालायचं, रेल्वेचे रूळ आणि किनारा धरून.

कृत्रिम क्षितिज म्हणजे आपला भोवरा. जाळीने नीट फेकलेला भोवरा ताठ उभा राहतो, आणि त्याला बोटाने ढकललं की ढकललं त्या दिशेला न झुकता काटकोनात सरकतो. जायरोचे दोन्ही गुण त्यात आले. विद्यार्थ्याने लहानपणी भोवरा फिरवला असेल तर मला वर्गात अर्धा तास वाचतो. विमान कलतं, पण आतला भोवरा कलत नाही, म्हणून त्याच्याशी जोडलेली आडवी रेघ खऱ्या क्षितिजाला समांतर राहते. बहुतेक छोट्या विमानांत इंजिनावरच्या पंपाने ओढलेली हवा या भोवऱ्याला फिरवते. म्हणून सक्शनचं छोटं घड्याळ बघायचं. ते उतरलं की भोवरा हळूहळू मंदावतो आणि क्षितिज कलायला लागतं. हळूहळू, हाच घात. एकदम पडलं असतं तर कळलं असतं.

मुंबईकरांना याची किंमत माहीत असायला हवी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. २१३ जण होते, कोणीही वाचलं नाही. विमान किनारा ओलांडून उजवीकडे वळलं होतं आणि सरळ झालं होतं. चौकशीचा निष्कर्ष असा, की कॅप्टनसमोरचं क्षितिज मात्र उजवीकडे कललेलं अडकून राहिलं, आणि ते सरळ करायला तो डावीकडे वळवत गेला, विमान उलटं व्हायच्या बेताला येईपर्यंत. बाहेर काळा समुद्र आणि काळं आकाश. डोळ्यांना पकडायला एक दिवा नाही. कॉकपिटमध्ये क्षितिज दाखवणारी आणखी यंत्रं होती, आणि त्यांचा आपसांत मेळ नाही याकडे शेवटच्या क्षणी लक्षही गेलं होतं. पुढे उपकरणांच्या निर्मात्यांवरचा दावा अमेरिकेतल्या न्यायालयात टिकला नाही, तो वाद इथे नको. विद्यार्थ्याने त्यातून घ्यायचं ते एवढंच की क्षितिज कललेलं दिसलं तर दिशेचा काटा फिरतोय का, वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान झुकलंय का, हे त्याच नजरेत बघायचं. वळत नसलेलं विमान कललेलं कसं असेल? एका काट्याला दुसऱ्याची साक्ष लागते. सगळे काटे एका वेळी, एकच खोटं, एकाच दिशेने सहसा बोलत नाहीत, कारण त्यातले काही हवेवर चालतात, काही भोवऱ्यावर, आणि टर्न कोऑर्डिनेटर तर बहुधा विजेवर.

डीआय, म्हणजे दिशेचा जायरो, हाही भोवराच, पण त्याला उत्तर दिशा माहीत नाही. त्याला तुम्ही सांगाल ती उत्तर. शिवाय पृथ्वी त्याच्याखाली फिरत असते. मुंबईच्या अक्षांशावर एवढ्या एका कारणाने तो तासाला पाचेक अंश चुकतो, आणि झिजलेल्या बेअरिंगची चूक वेगळी. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी, सरळ आणि सपाट उडत असताना, तो होकायंत्राशी जुळवायचा.

हे मी शिकवतो, कारण मी विसरलो होतो. शिकत असताना एका लांबच्या एकट्या उड्डाणावर मी निघताना डीआय जुळवला आणि नंतर तासभर त्याच्याकडे श्रद्धेने बघत उडलो. धरणाचं पाणी डाव्या हाताला दिसायला हवं होतं. ते उजवीकडे दिसलं, लांबवर, उन्हात चमकत. पहिली पाच मिनिटं मी स्वतःला समजावत होतो की हे दुसरं धरण असेल. नकाशात तिथे दुसरं धरण नव्हतं. मग वर बघितलं. होकायंत्र आणि डीआय यांत पंधरा अंशांचा फरक होता. परत आल्यावर माझ्या प्रशिक्षकांनी काही विचारलं नाही, फक्त लॉगबुकच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने "वर बघ" असं लिहून दिलं. ते लॉगबुक अजून आहे.

होकायंत्राच्या प्रकरणात लेखकाने एक काम केलं आहे जे मला इतर पुस्तकांत दिसलं नाही. अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकांत, उत्तरेकडे वळताना होकायंत्र मागे राहतं म्हणून किती अंश आधी वळण थांबवायचं, याचा हिशोब अक्षांशावरून शिकवतात. पण होकायंत्राला अक्षांश कळत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा त्या जागी जमिनीत किती तिरक्या शिरतात, तेच त्याला कळतं. लंडनला त्या फार तिरक्या, मुंबईत पंचवीस-तीस अंश, आणि केरळात तिरुअनंतपुरमजवळ जवळपास आडव्याच. तिथून चुंबकीय विषुववृत्त जातं, म्हणूनच १९६३ साली भारताचं पहिलं अग्निबाण उड्डाण तिथल्याच थुंब्याहून झालं. म्हणजे परदेशी पुस्तकातला आकडा महाराष्ट्रात घोकणाऱ्या मुलाला होकायंत्र पुस्तकाप्रमाणे वागताना दिसत नाही, आणि तो समजतो आपलंच काहीतरी चुकलं.

आणि लोखंड. होकायंत्राजवळ मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, हेडफोन ठेवू नये हे सगळे सांगतात, कोणी ऐकत नाही. त्यांच्यासाठी अलिबागची गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं आणि इमारतही लोखंड टाळून बांधली. विजेची पहिली ट्राम मुंबईत धावली ती १९०७ ला. तीन वर्षं आधी त्या लोकांनी बस्तान हलवलं. आपल्याला फोन एक वीत बाजूला ठेवायचाय.

आता भाषेबद्दल दोन शब्द, कारण ते विचारले जाणारच. लेखकाने 'उच्चतामापक', 'कृत्रिम क्षितिजदर्शक' असले शब्द घडवलेले नाहीत याबद्दल मी त्याचा आभारी आहे. बारामतीला, शिरपूरला, गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा नागपूरला विमानात बसलेला मुलगा रेडिओवर इंग्रजीच बोलणार, परीक्षाही इंग्रजीतच देणार. यंत्रांची नावं त्याच्या कानावर आहेत तीच ठेवली. मराठी आहे ती मधली, म्हणजे का, कसं, आणि मग काय. तीच मुलांना मिळत नव्हती.

एक तक्रार मात्र नोंदवतो. आज बऱ्याच शाळांत सहा डायलच्या जागी दोन पडदे आले आहेत, आणि पडद्यांवरचं प्रकरण फार आटोपशीर झालंय. लेखकाचं म्हणणं असं की पडद्यामागेही तीच पितो नळी आणि तेच स्टॅटिक छिद्र असतं. हे खरं आहे. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाच्या नळ्यांत बर्फ साचला, तेव्हा समोर पडदेच होते, आणि त्या विमानातले २२८ जण गेले. पण पडदा आकडा फार ठामपणे दाखवतो, काट्यासारखा थरथरत नाही, आणि त्याची सवय वेगळी लागते. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण वाढवावं.

विद्यार्थ्यांना एक विनंती. हे पुस्तक खोलीत कॉटवर पडून वाचू नका. प्रत्येक प्रकरण झालं की हँगरमध्ये जा, इंजिन बंद असलेल्या विमानात परवानगी घेऊन बसा, आणि त्या डायलसमोर मोठ्याने मराठीत सांगा की हा काटा काय मोजतो. अडखळलात तर परत जाऊन वाचा. आणि उतरताना पितो नळीवर टोपी घालायला विसरू नका. कुंभारीण संध्याकाळीही काम करते.